वेळ झाली, हे कळणे

१९८२ सालचा रमजान जूनच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाला होता. कोकणात पावसाने चांगलाच जोर धरला होता. गावात वीज आली होती, पण पावसाळ्यात ती असण्यापेक्षा नसण्याचीच आम्हाला सवय. मी बारा वर्षांचा होतो आणि त्या वर्षी एकही रोजा सोडायचा नाही असे मी ठरवले होते. सहरीला आम्ही सगळे स्वयंपाकघरात कंदिलाच्या उजेडात बसलो होतो. भिंतीवर रमजानचे वेळापत्रक डकवलेले. त्या दिवशीची सहरीची शेवटची वेळ चार वाजून चाळीस मिनिटे, ही मला पाठ होती. माजघरातल्या चावीच्या घड्याळात चारला दहा कमी होते. आम्ही निवांत जेवत होतो. अम्मी तव्यावरून एकेक तांदळाची भाकरी काढून देत होती.

तेवढ्यात दारावर थाप पडली. शेजारचे चाचा छत्री आणि कंदील घेऊन उभे. "जमात उभी राहायची वेळ झाली. आज मशिदीत यायचं नाही काय?" त्यांनी अब्बांना विचारले. अब्बांच्या हातातला घास हातातच राहिला. आदल्या संध्याकाळी घड्याळाला चावी द्यायची राहून गेली होती आणि ते केव्हाच बंद पडले होते. कौलांवरच्या पावसाच्या आवाजात त्याची टिकटिक थांबल्याचे कोणाच्या लक्षात आले नव्हते. वीज नसल्यामुळे मशिदीचा भोंगा बंद, म्हणून बांगही ऐकू आली नव्हती. पेशइमामांनी नंतर सांगितले की, जाणूनबुजून खाल्ले नाही, तेव्हा गुन्हा नाही. पण हा रोजा रमजाननंतर पुन्हा धरावा लागेल, कजा करावी लागेल.

माझे सगळे रोजे पुरे करायचे स्वप्न तिसऱ्याच दिवशी मोडले. मी रडत अब्बांना म्हटले, "पण मला वेळ पाठ होती!" अब्बा हसून म्हणाले, "वेळ पाठ होती, खरं. वेळ झाली, हे कुठं ठाऊक होतं?"

हे वाक्य त्यांनी सहज म्हटले होते. मी मात्र ते पुढे चाळीस वर्षे बाळगून आहे. आज त्याच वाक्याविषयी थोडे लिहायचे आहे. त्याचे एक टोक तत्त्वज्ञानात आहे, एक फिकहमध्ये, आणि एक आमच्याच घरातल्या जमिनीच्या कागदात.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन पेरी यांनी १९७९ साली एक निबंध लिहिला, तो पुढे फार गाजला. त्यात त्यांनी एका प्राध्यापकाचे उदाहरण दिले आहे. विभागाची बैठक दुपारी बारा वाजता आहे हे या प्राध्यापकाला ठाऊक आहे. बैठकीला वेळेवर जायची त्याची इच्छाही आहे. तरी बारा वाजता तो आपल्या खोलीत स्वस्थ बसून आहे. आणि मग एकाएकी तो उठतो आणि चालू लागतो. काय बदलले? बैठक बाराला आहे हे तर त्याला सकाळपासून माहीत होते. त्याची इच्छाही तीच होती. बदलले ते एवढेच, की बैठक 'आत्ता' आहे, असे त्याला कळले.

पेरी यांचे म्हणणे असे की, या 'आत्ता'च्या जागी दुसरा कोणताही शब्द घालून भागत नाही. तारीख घाला, तास घाला, मिनिट घाला. माहिती कितीही अचूक असो, तिच्याने माणूस जागचा उठत नाही. 'अमुक दिवशी चार वाजून चाळीस मिनिटांनी सहरी संपते' हे वाक्य आदल्या महिन्यात खरे होते, त्या पहाटे खरे होते आणि आजही खरे आहे. जे वाक्य सदासर्वकाळ खरे असते ते घास थांबवायला उपयोगी पडत नाही. घास थांबतो तो 'वेळ झाली' या वाक्याने, आणि ते वाक्य खरे असण्याची एकच वेळ असते. वेळापत्रकात सगळ्या वेळा छापता येतात. त्यांपैकी आत्ताची कोणती, हे छापता येत नाही. ते भिंतीबाहेरून यावे लागते.

आर्थर प्रायर या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या तर्कशास्त्रज्ञाने याच्याही वीस वर्षे आधी, १९५९ साली, हीच गोष्ट भावनेच्या बाजूने दाखवली होती. एखादी त्रासदायक गोष्ट संपली की आपण सुटकेचा श्वास टाकतो. तो श्वास 'ती गोष्ट अमुक तारखेला संपते' यासाठी नसतो. तारीख तर आधीही माहीत होती. ती आता मागे पडली, याचा तो श्वास असतो. परीक्षेच्या शेवटच्या पेपरहून घरी परतणाऱ्या मुलाला हे तत्त्वज्ञान न वाचताही कळते. थोडक्यात, आपली कृती आणि आपली भावना, दोन्ही घड्याळातल्या आकड्यावर चालत नाहीत. आपण त्या आकड्याच्या अलीकडे आहोत की पलीकडे, या समजुतीवर त्या चालतात. समजूत चुकली तर नियम जाणणारा, नियत साफ असलेला, शहाणा माणूसही चुकीचेच करतो. आम्ही त्या पहाटे केले तसे.

मुसलमानांना हे कोणी परदेशी तत्त्वज्ञाने येऊन सांगायला हवे होते असे नाही. आपल्या इबादतीचा सगळा सांगाडाच वेळेवर उभा आहे. पाच नमाजा, रोजा, ईद, हज. प्रत्येकाला नेमलेली वेळ आहे. आणि म्हणूनच 'वेळ झाली' हे कोणी, कशावरून सांगायचे, हा प्रश्न आपल्याकडे पहिल्या दिवसापासून आहे. हदीसमध्ये हजरत बिलाल (रजि.) आणि हजरत इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) या दोन मोअज्जिनांचा उल्लेख येतो. बिलाल रात्र असतानाच बांग देत, म्हणून त्यांच्या बांगेवर खाणेपिणे थांबवू नये, इब्ने उम्मे मक्तूम यांच्या बांगेवर थांबवावे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले होते. हे इब्ने उम्मे मक्तूम अंध होते. लोक त्यांना 'सकाळ झाली' असे सांगत, तेव्हाच ते बांग देत.

या प्रसंगाचा मी पुष्कळदा विचार केला आहे. वेळेचा नियम त्यांना कोणाही डोळस माणसाइतकाच ठाऊक होता. साऱ्या शहराचे खाणे ज्यांच्या आवाजावर थांबे, त्यांना स्वतःला मात्र दोन शब्द बाहेरून ऐकावे लागत. आणि त्यात त्यांना किंवा कोणाला कमीपणा वाटला नाही. पहाट आपल्याला दिसत नाही हे त्यांना ठाऊक होते, म्हणून ते विचारत. डोळे असलेल्या आम्हा मंडळींची अडचण अशी की, आमचे घड्याळ बंद आहे हे आम्हाला ठाऊकच नसते.

दुसरी गोष्ट हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांची. पांढरा धागा काळ्या धाग्यापासून वेगळा दिसेपर्यंत खा, प्या, अशा अर्थाची कुरआनची आयत त्यांनी ऐकली आणि उशीखाली खरोखरच एक पांढरी आणि एक काळी दोरी ठेवली. रात्रीतून ते त्यांच्याकडे पाहत राहिले. प्रेषितांनी (स.) त्यांना समजावले की, याचा अर्थ रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड. अदी यांची तळमळ खरी होती, नियमही खरा होता. चुकली होती ती खूण. खूण आकाशात होती आणि ते उशीखाली पाहत होते.

पुढे या एका प्रश्नासाठी आपल्याकडे एक पेशाच निर्माण झाला. मोठ्या मशिदींत 'मुवक्कित' नेमले जाऊ लागले. नमाजाच्या वेळा काढणे हे त्यांचे काम. दमास्कसच्या उमय्या मशिदीचे मुवक्कित इब्ने शातिर हे चौदाव्या शतकातले मोठे खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी १३७१ साली त्या मशिदीच्या मिनारासाठी सूर्याच्या सावलीवरून वेळ दाखवणारे एक अत्यंत अचूक यंत्र बनवले. एवढा गणिती, एवढे गणित. आणि सगळे कशासाठी, तर मोअज्जिनाला 'आत्ता' म्हणता यावे यासाठी.

पण यंत्र कितीही चांगले असले तरी आभाळ भरून येतेच, आणि मग संशय उरतो. वेळ झाली की नाही, नक्की कळत नाही. तेव्हा शहाण्या माणसाने काय करावे? येथे फिकहने जो विचार केला आहे, तो मला पेरी यांच्या पुढचा वाटतो. कोकणातले आम्ही बहुतेक शाफई, आणि देशावरचे बहुतेक मुसलमान हनफी. या मुद्द्यावर दोन्हींचा कल एकच आहे. पहाट झाली की नाही असा संशय असेल, तर रात्र धरावी, खाल्लेले चालते. सूर्य मावळला की नाही असा संशय असेल, तर दिवस धरावा. खाल्लेले चालत नाही. संशय दोन्हीकडे सारखाच, पण वागणे अगदी उलट.

कारण त्यामागे फिकहचा एक मोठा सिद्धांत आहे: खात्री संशयाने रद्द होत नाही. उस्मानी राजवटीने एकोणिसाव्या शतकात 'मजल्ला' हा कायदेसंग्रह केला, त्यातही हा सिद्धांत आरंभीच्या कलमांत घातलेला आहे. पहाटेपूर्वी रात्र होती ही खात्री; ती मोडायला पहाटेची खात्री लागेल. संध्याकाळी दिवस होता ही खात्री. ती मोडायला सूर्यास्ताची खात्री लागेल. म्हणजे 'आत्ता'विषयी संशय असेल, तेव्हा मनाला काय सोयीचे आहे हे विचारायचे नाही. आधी नक्की काय होते, हे विचारायचे. सहरीला हा नियम खाणाऱ्याच्या बाजूने पडतो आणि इफ्तारीला तोच नियम भुकेल्याचा हात धरतो.

येथवर सगळे सरळ आहे. पण आता त्या जमिनीच्या कागदाकडे येतो.

माझे आजोबा १९७९ साली वारले. त्यांच्यामागे अब्बा आणि माझी फुफी, अशी दोनच मुले. एक घर आणि हापूसची थोडी कलमे. मुलीचा हिस्सा किती, हे अब्बांना कोणी शिकवायची गरज नव्हती. सूरह निसाची अकरावी आयत त्यांना तोंडपाठ होती. गावात वाटणीचे तंटे झाले की लोक हिशेब विचारायला त्यांच्याकडे येत. फुफीचा हिस्सा द्यायचा नाही, असे ते कधीही म्हणाले नाहीत. ते म्हणत, "तिचं आहे, वेळ आली की देऊ." पहिल्या वर्षी आंब्याचे पीक गेले. मग घराची कौले बदलायची होती. मग माझे कॉलेज, मग बहिणीचा निकाह. फुफीनेही कधी मागितले नाही. आपल्या समाजात बहिणी मागत नाहीत. मागितले तर माहेर तुटेल अशी त्यांना धास्ती असते, आणि भावांना ती धास्ती पक्की माहीत असते. फुफीचे घर दर पावसाळ्यात गळायचे. ती १९९८ साली गेली. २००३ साली अब्बाही गेले.

अब्बा लबाड नव्हते. मुलगा म्हणून मी हे म्हणत नाही; गावातले कोणीही म्हणेल. त्यांच्या त्या चोवीस वर्षांतला कोणताही एक दिवस घेतला, तर 'आज नको, उद्या' म्हणायला त्या दिवशी खरेच काही कारण होते. एकेका दिवसाचा हिशेब बरोबर आणि सगळ्या दिवसांची बेरीज मात्र अन्यायाची, असे हे गणित आहे. रोज्याच्या बाबतीत हे होत नाही, कारण तेथे बांग होते. बहिणीच्या हिश्श्याची बांग कोणी देत नाही. ज्या कर्तव्याला तारीख नेमलेली नाही, त्याची वेळ 'अजून व्हायची आहे' असे रोज मानता येते, आणि कोणत्याही एका दिवशी ते खोटे ठरत नाही.

खात्रीचा सिद्धांत येथे लावून पाहिला तेव्हा मी हादरलो. मी मनात समजत होतो की, येथे 'अजून वेळ आहे' हीच मूळ स्थिती, आणि वेळ झाल्याचे कोणी सिद्ध केले पाहिजे, म्हणजे सहरीसारखे. पण शरीयतीप्रमाणे वारसाचा हक्क मयताच्या मृत्यूबरोबरच उत्पन्न होतो. दफनाचा खर्च, कर्ज आणि वसीयत वजा जाता जे उरते ते वारसांचे. म्हणजे आजोबांनी डोळे मिटले तेव्हाच फुफीचा हिस्सा फुफीचा झाला होता. आधी नक्की काय होते? ते तिचे होते, हे नक्की होते. संशय होता तो आमच्या अडचणींविषयी. आम्ही संशयाने खात्री रद्द केली होती. पहाट होऊन वीस वर्षे झाली होती आणि आम्ही जेवतच होतो.

कोणी म्हणेल, सगळ्याच गोष्टींत अशी घाई बरी नव्हे. खरे आहे. हजरत अस्मा (रजि.) यांच्या हदीसमध्ये येते की, प्रेषितांच्या काळात एकदा ढगाळ दिवशी लोकांनी रोजा सोडला आणि मग सूर्य दिसला. 'वेळ झाली' म्हणणाराही चुकतो. थांबणे हेही पुष्कळदा शहाणपण असते. प्रश्न असा की, खरे थांबणे आणि थांबण्याचे नाटक, हे वेगळे कसे ओळखायचे?

मला एक कसोटी सुचते. पहाटेची वाट पाहणाऱ्याला विचारा, तू कशाची वाट पाहतोस? तो सांगेल, पूर्वेला क्षितिजावर आडवी पांढरी रेघ उमटेल, त्याची. त्याची खूण ठरलेली आहे. ती दिसली की तो थांबेल. पण 'योग्य वेळ आली की करू' म्हणणाऱ्याला विचारा, ती वेळ कोणत्या खुणेवरून ओळखणार? खूण सांगता येत असेल, तर तो थांबला आहे. सांगता येत नसेल, किंवा एक खूण दिसल्यावर तो दुसरी सांगत असेल, तर तो वाट पाहत नाही. तो फक्त वाट पाहणाऱ्याची भाषा बोलतो आहे. अब्बांची खूण आधी पीक होती, मग कौले, मग फी. ती दरवर्षी पुढे सरकत होती.

ही कसोटी घरापुरती नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या. तोंडी तलाक बंद व्हावा, ही त्यांची एक मागणी होती. दलवाईंची सगळीच मते आपल्यापैकी अनेकांना पटत नाहीत, आणि तो येथे विषयही नाही. पण एका बैठकीत तीनदा तलाक म्हणून बाईला घराबाहेर काढणे वाईट आहे, हे त्यांच्या विरोधकांपैकीही पुष्कळांना मान्य होते. त्यांचे उत्तर असे, की सुधारणा समाजातूनच व्हावी, पण ही वेळ नव्हे. या उत्तरात भीती होती आणि ती खोटी नव्हती. १९९२-९३ च्या मुंबईत ज्यांनी दिवस काढले, त्यांना ती समजावून सांगावी लागत नाही. ज्याच्या घराला बाहेरून आग लागण्याचे भय आहे, त्याला घरातली दुरुस्ती काढायला सांगणे सोपे नसते. तरीही, योग्य वेळ कोणती आणि ती कशावरून ओळखायची, हे आपण आपल्याशी कधी ठरवले का? २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला. २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा ठरला. त्या कायद्यात नवऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद आहे, आणि तिच्याविषयी आपल्यात आजही तीव्र मतभेद आहेत. पण १९६६ ते २०१७ ही एक्कावन्न वर्षे आपल्या हातात होती. आपण 'आत्ता' म्हटले नाही, तेव्हा ते दुसऱ्याने म्हटले, आणि त्याच्या पद्धतीने म्हटले.

'ही वेळ नव्हे' असे म्हणण्याचा हक्क कोणाला, हाही त्यातलाच प्रश्न. थांबण्याचे ओझे ज्याच्या अंगावर आहे, त्याने 'थांबू या' म्हटले तर तो सब्र. दुसऱ्याच्या ओझ्यावर बसून आपण म्हटले, तर त्याला सब्र म्हणता येत नाही. फुफीचे छप्पर गळत होते आणि सब्र अब्बा करत होते.

अब्बांनंतर सहा वर्षे मीही तेच केले, हे लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. हे सगळे मला तेव्हा माहीत होते. पेरीही वाचून झाला होता. २००९ च्या रमजानमध्ये एका पहाटे बायकोने विचारले, सहरीला किती वेळ राहिला? मी घड्याळाकडे पाहून म्हटले, "पाच मिनिटं." ती ताट उचलता उचलता म्हणाली, "हे तुम्हाला बरं नेमकं कळतं." तिच्या बोलण्याचा रोख माझ्या ध्यानात आला. त्याच आठवड्यात तलाठ्याने सांगितले होते की, सातबाऱ्यावर नावे चढवायची तर फुफीच्या मुलांचे हक्कसोडपत्र आणा, सगळेच आणतात. तो कागद माझ्या खिशात होता.

नवी माहिती काहीही मिळाली नव्हती. प्राध्यापक जसा खुर्चीतून उठतो तसा मी उठलो, एवढेच. ईदनंतर फुफीच्या मुलांकडे गेलो. हिशेब त्यांच्यासमोर ठेवला. कलमे वाटली, आणि त्या वर्षांतल्या पिकाचे जमेल तसे पैसे दिले. थोरल्याने कागद पाहिला, घडी केला, परत उघडला. म्हणाला, "भाई, आई असताना हे..." पुढचे तो बोलला नाही. मग आतून चहा आला.

बारा वर्षांचा असताना मोडलेल्या त्या रोज्याची कजा मी शव्वालमध्ये केली होती. तो फिटला, असे मानायला हरकत नाही. फुफीच्या मुलांना दिलेले त्यांच्या हिश्श्यापुरते फिटले असेल. पण फुफीच्या घरावर जे पाऊस पडून गेले, त्यांची कजा कशी करायची, हे मला कोणत्याही किताबात सापडलेले नाही.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात असे एखादे वेळापत्रक भिंतीवर आहे. त्यातल्या वेळा आपल्याला पाठ आहेत. या रमजानमध्ये ते वाचून झाले की एकदा शेजारच्या घड्याळालाही कान लावून पाहावा. ते चालू आहे ना, एवढेच.